शनिवारी आलेला बुधवारचा वाढदिवस

आदरणीय अध्यक्ष श्री. एगॉन फीलर, व्यासपीठावर विराजमान सरपंच श्रीमती आनेग्रेट हूबर, आमचे पाद्रीसाहेब, आजचे उत्सवमूर्ती श्री. वेंडेल टॉलिव्हर, त्यांना घरी न्यायला खास नेब्रास्काहून आलेल्या त्यांच्या भगिनी लॉरेटाबाई, हाझेलबाख ग्रामबस मंडळाचे सर्व चालक आणि प्रवासी, तसेच भाषणं संपायची वाट न बघता मागच्या टेबलांवर बिअर सुरू केलेल्या सुजाण बंधूंनो,

मी इर्मट्राउट त्सीग्लर, मंडळाची चिटणीस. प्रत्येक वक्त्याला पाच मिनिटं, हा नियम मीच केलेला आहे. तेव्हा तो मोडायचा पहिला मानही माझाच. अध्यक्षमहोदय, तुम्ही घड्याळाकडे बघितलंत ते मला इथून दिसलं.

लॉरेटाबाई, तुमच्या शेजारी आम्ही शाळेच्या मास्तरीणबाई बसवल्या आहेत. माझं बोलणं त्या तुम्हाला तुमच्या भाषेत सांगतील. मधेच त्या गप्प झाल्या, तर समजून घ्या की इर्मट्राउट भलतंच काही बोलली. तुमच्या भावाविषयी बोलायचं आणि भलतं काही येऊ द्यायचं नाही, हे कसं जमायचं?

आता 'श्री. टॉलिव्हर' पुरे. मी याला वेंडेल म्हणते. सगळं गाव म्हणतं. त्याची आई नव्वदीच्या पुढे आहे, मागच्या महिन्यात ती स्वयंपाकघरात पडली, आणि लेक गुरुवारच्या विमानाने निघाला. योग्यच आहे ते. मुलाने जाऊ नये तर कोणी जावं? पण योग्य असलं म्हणून आवडलंच पाहिजे असं कुठे आहे? मला अजिबात आवडलेलं नाही, हे मी सुरुवातीलाच नोंदवून ठेवते.

वेंडेल आमच्यात आला कसा, ते नव्या सभासदांसाठी सांगते. शहराची मोठी बस आपल्या गावात यायची बंद झाली, तेव्हा माझ्या नवऱ्याने, लोरेन्झने, हे मंडळ काढलं. आठ जणांची छोटी गाडी, आणि चालक सगळे निवृत्त, बिनपगारी. दवाखाना, बाजार, कबरस्तान. म्हाताऱ्या माणसाला आणखी कुठे जायचं असतं? पण चालकही म्हातारेच. एकाचा मोतीबिंदू, एकाचा गुडघा, आणि बस उभी. त्या सुमारास पलीकडच्या अमेरिकन सैन्याच्या तळावर ट्रक दुरुस्त करणारा हा गृहस्थ निवृत्त झाला आणि मायदेशी जायचं सोडून आपल्या गावात भाड्याने राहिला. का राहिला? विचारलं तर म्हणायचा, "इथला पाव आवडली."

लोरेन्झने त्याला बोलावून घेतलं. माझा नवरा म्हणजे शिस्तीचा पुतळा. शेजाऱ्याशी तीस वर्षं कुंपणावरून बोलला, पण 'तुम्ही'वरून 'तू'वर कधी उतरला नाही. त्याने विचारलं, "तुम्हाला जर्मन येतं का?"

वेंडेल म्हणाला, "येतो थोडी. जातो जास्त."

लोरेन्झ हसला नाही. पण त्या रात्री जेवताना मला म्हणाला, "गाडी उत्तम चालवतो. बोलू नये एवढंच."

आणि मंडळी, न बोलणं हे एकच काम याला जमत नव्हतं! तो, ती, ते या तिघांची याने अशी काही मिसळ केली की विचारता सोय नाही. "तुझा सासू कसा आहे?" "माझी रस्ता चुकली." आणि सरसकट सगळ्यांना 'तू'. सरपंचबाईंना तू, डॉक्टरांना तू. पाद्रीसाहेबांना तर पहिल्याच रविवारी चर्चच्या दारात म्हणाला, "तू छान बोललास, पण फार वेळ बोललास." पाद्रीसाहेब, तुम्ही तेव्हा लाल झाला होतात. पण मी सांगू? त्यानंतर तुमचं प्रवचन आटोपशीर झालं आहे, आणि गाव त्याबद्दल याचं ऋणी आहे.

मग तो जुलै महिना. मास्तरीणबाई, इथे जरा पाणी प्या. बस उन्हात तापलेली, आत सात बायका, आणि हा पुढून मागे वळून विचारतो, "बायांनो, मी फार गरम झालोय. तुम्ही पण गरम झालात का?" शेवटच्या सीटवरून आमची वॉल्बुर्गा, तेव्हा तिचं वय सत्त्याऐंशी, म्हणाली, "या वयात कोणी विचारलं, हेच खूप झालं रे बाबा. खिडकी उघड." बघा, ती आत्ताही हसते आहे. आता ती त्र्याण्णवची आहे आणि अजून तोच किस्सा सांगते.

पण याचा खरा घोळ झाला तो एका साध्या प्रश्नाने. लॉरेटाबाई, तुमच्याकडे माणूस माणसाला भेटला की "कसा आहेस?" विचारतो आणि उत्तर न ऐकता पुढे जातो म्हणे. आम्हाला काय ठाऊक? आम्हाला कोणी "कशी आहेस?" विचारलं, की आम्हाला वाटतं याला खरंच जाणून घ्यायचं आहे. याने पहिल्या दिवशी पहिल्या थांब्यावर वॉल्बुर्गाला विचारलं, "कशी आहेस?" ती एक पाय पायरीवर आणि एक पाय रस्त्यावर ठेवून सांगू लागली. गुडघा, मग पित्त, मग सुनेने पडदे न विचारता बदलले ते. हा बिचारा स्टिअरिंगला धरून बसला. पुढच्या थांब्यावर दुसरीला विचारलं. तिचा तर नुकताच घटस्फोट झाला होता. बस बाजारात पोचली तेव्हा बाजार उठला होता!

दुसऱ्या दिवशी लोरेन्झने त्याला उभं केलं. "आपली बस उशिरा जात नाही. हा प्रश्न विचारायचा नाही."

वेंडेल म्हणाला, "पण ते सांगतात ना, लोरेन्झ. कोणी त्यांना विचारतच नाही."

यावर माझ्या नवऱ्याने काय केलं? सगळं वेळापत्रक नव्याने मांडलं आणि प्रत्येक थांब्यावरचा वेळ वाढवला. कारण म्हणून काय लिहिलं? 'तांत्रिक'. आपली बस आजही त्याच वेळापत्रकावर धावते. बाहेरगावचे लोक विचारतात, चर्चपासून दवाखान्यापर्यंत इतका वेळ कसा लागतो? चिटणीस या नात्याने मी सांगते, तांत्रिक.

रविवारी शेजारणीचं गवत कापून दिलं, तो किस्सा मी सांगत नाही. परोपकार होता, मान्य आहे. पण रविवारी दुपारी आमच्याकडे माशीसुद्धा हळू उडते, आणि याने यंत्र सुरू केलं! पोलीस आले तर त्यांना म्हणाला, "तुझं पण कापू का?" अध्यक्षमहोदय, बघा, सांगून झालासुद्धा.

आता मला जे बोलायचं आहे त्याकडे येते. हे मी आजवर जाहीरपणे कधी बोलले नाही.

तीन वर्षांपूर्वीच्या हिवाळ्यात लोरेन्झने अंथरूण धरलं. हृदय थकलं होतं. मार्चमध्ये त्याला ऐंशी पूर्ण व्हायची होती. डॉक्टर मला बाहेरच्या खोलीत घेऊन गेले आणि म्हणाले, वाढदिवसाची तयारी करू नका. तसं आम्ही तयारी करतच नव्हतो. गावात त्या दिवसाचं नावसुद्धा कोणी काढत नव्हतं. लॉरेटाबाई, आमच्याकडे वाढदिवस येण्याआधी त्याच्या शुभेच्छा देत नाहीत. एक दिवस आधी नाही, एक तास आधी नाही. दिल्या, तर तो माणूस त्या दिवसापर्यंत पोचत नाही, असं आमची आजी सांगायची, तिची आजी सांगायची. आम्ही शिकलेले लोक आहोत, आमचा यावर मुळीच विश्वास नाही. आणि आमच्यातला कोणीही ते करणार नाही.

लोरेन्झने जेवण सोडलं होतं. चमचा तोंडाजवळ नेला की तोंड भिंतीकडे. माझ्यावर चिडायचा नाही, काही मागायचा नाही. चाळीस-पंचेचाळीस वर्षं ज्याच्या कुरकुरीला मी कंटाळले होते, तो माणूस कुरकुर करायचा थांबला. ज्यांनी आपलं माणूस असं बघितलं आहे, त्यांना मी आणखी काय सांगू?

वाढदिवस होता बुधवारी. त्याच्या आधीच्या शनिवारी दुपारी दारात आपली बस येऊन उभी राहिली. त्यातून गच्च माणसं उतरली. वेंडेलने सगळ्यांना "चला, गंमत आहे" एवढंच सांगून गोळा केलं होतं. आजाऱ्याला भेटायचं असेल, असं त्यांना वाटलं. मग याने गाडीचं मागचं दार उघडलं आणि केक बाहेर काढला. निळा! कपडे धुवायच्या निळीत बुडवल्यासारखा निळा केक, आणि त्यावर भला मोठा ऐंशीचा आकडा.

वॉल्बुर्गाने छातीवर क्रुसाची खूण केली. बाकीचे जागच्या जागी थिजले. आणि हा धन्य माणूस केक दोन्ही हातांवर धरून, एकटाच, खड्या आवाजात वाढदिवसाचं गाणं गात थेट आमच्या झोपायच्या खोलीत शिरला. लोक शुभ बोलायला जातात; याने शुभ बोलून मांडवाला आग लावली. खरं सांगते, त्या क्षणी केकसकट याला खिडकीतून बाहेर टाकावं असं मला वाटलं. माझ्या अंगात ताकद असती तर टाकलंही असतं.

लोरेन्झने डोळे उघडले. "कोण मेलं?"

"अजून कोणी नाही," मी म्हणाले.

वेंडेल म्हणाला, "लोरेन्झ! तुझी वाढदिवस आला!"

"माझा वाढदिवस बुधवारी आहे. आज शनिवार."

"हो, पण शनिवारी सगळ्यांना सुट्टी असतो. आमच्याकडे सगळे शनिवारीच करतात."

"आमच्याकडे," लोरेन्झ एकेक शब्द तोलून म्हणाला, "आधी शुभेच्छा दिल्या की माणूस त्या दिवसापर्यंत टिकत नाही. तुम्हाला हे कोणी सांगितलं नाही?"

याने माझ्याकडे बघितलं. दारात उभ्या असलेल्या लोकांकडे बघितलं. कोणीही मान वर करेना. कोण सांगणार होतं? जे सगळ्यांना माहीत असतं ते कोणी कोणाला सांगत नाही. याचा चेहरा पांढराफटक पडला. एवढा धिप्पाड माणूस, पण केक मांडीवर घेऊन पलंगाच्या कडेला बसला, आणि त्याला तो खाली ठेवायचंही सुचेना. म्हणाला, "मी परत घेतो. शुभेच्छा मी परत घेतो, लोरेन्झ."

"परत घेता येत नाहीत."

मग लोरेन्झ कोपरावर रेटून जरा वर सरकला. किती दिवसांनी सरकला! आणि मला म्हणाला, "इर्मट्राउट, आता मोठीच पंचाईत झाली. मी बुधवारच्या आत गेलो, तर हे गाव पन्नास वर्षं म्हणत राहील की अमेरिकनाने मारला. याच्या बसमध्ये कुत्रं चढणार नाही. याच्याशिवाय आपल्याकडे धड चालक कोण आहे? एगॉन? त्याला उजवीकडचं दिसत नाही."

अध्यक्षमहोदय, हे त्याचे शब्द आहेत, माझे नव्हेत.

"सगळं मंडळ बंद पडेल," तो म्हणाला. "सूप आण."

मी आणलं. कोंबडीचं, शेवया घातलेलं. सगळे बघत होते आणि तो एकेक चमचा असा गिळत होता, जसा काही कोणावर सूड उगवतो आहे. अर्धी वाटी झाल्यावर मी म्हटलं, आता राहू दे. तर म्हणाला, "आणखी एक. अमेरिकेसाठी."

रविवार, सोमवार, मंगळवार. त्या तीन दिवसांत आमच्या गल्लीतून लोक काय काय निमित्त काढून गेले! ज्यांच्याकडे कुत्रं नाही तेही कुत्रं फिरवायला आले. बेकरीतली बाई मला पाव देताना नुसती भुवई उंच करायची, आणि मी म्हणायची, "आहे." बसमध्ये गर्दी नव्हती. कोणी उघड काही बोलत नव्हतं, पण थांब्यावरची माणसं अचानक चालायला निघत होती. वेंडेल रोज सकाळी रिकामी गाडी घेऊन आमच्या दाराशी यायचा आणि पायरीवरून विचारायचा, "कसा आहे?" इंजिन बंद करून, टोपी हातात घेऊन, माझं पूर्ण बोलून होईपर्यंत उभा राहायचा. किती घास खाल्ले, किती वेळ झोपला, काय पुटपुटला, सगळं ऐकून घ्यायचा. मग आत यायची हिंमत न होऊन परत जायचा. सोमवारी डॉक्टर आले, नाडी बघितली, पुन्हा बघितली, आणि मला म्हणाले, "तुम्ही याला काय देताय?" मी म्हटलं, "निळा केक."

मंगळवारची रात्र कशी काढली ते माझं मला ठाऊक.

बुधवारी सकाळी लोरेन्झने दाढी करून घेतली. पांढरा सदरा, लग्नातला टाय. खुर्चीत बसला आणि म्हणाला, "दार उघड, येऊ दे सगळ्यांना." अंगणात गाव उभं होतं. आता शुभेच्छा द्यायला मोकळीक होती आणि लोकांनी अगदी पोटभर दिल्या. एक माणूस मात्र दिसेना. कोपऱ्यावर बस उभी होती आणि हा आत बसून होता.

लोरेन्झ मला म्हणाला, "त्याला सांग, मेलो नाहीये. ये म्हणावं."

मी जाऊन हाताला धरून आणला. हा समोर उभा राहिला, टोपी चुरगाळत. लोरेन्झने टाय सारखा केला आणि म्हणाला, "आता बोल."

ऐकलंत? 'बोला' नाही. 'बोल'. माझ्या नवऱ्याने ऐंशीव्या वर्षी एका माणसाला 'तू' म्हटलं. मी त्याच्या लग्नाची बायको. मलासुद्धा साखरपुडा होईपर्यंत वाट बघावी लागली होती.

आणि हा, ज्याचं तोंड कधी मिटलं नाही तो वेंडेल, याच्या तोंडून शुभेच्छा फुटेनात. नुसतं पाणी डोळ्यांतून. शेवटी कसंबसं विचारलं, "कसा आहेस, लोरेन्झ?"

लोरेन्झ म्हणाला, "बस. सांगतो."

आणि त्याने सांगितलं, मंडळी. मला इतक्या वर्षांत कधी सांगितलं नव्हतं ते सांगितलं. भीती वाटते म्हणाला. रात्री छातीत धडधडतं तेव्हा इर्मट्राउटला उठवावंसं वाटतं, पण ती दमलेली असते म्हणाला. मी दारात उभी राहून ऐकत होते. त्यानंतर तो मला उठवायला लागला. आम्ही दोघं दिवा लावून बसायचो, बोलायचो. हे मला वेंडेलने दिलं. दुसऱ्या कोणी दिलं नाही.

मार्चनंतर एप्रिल आला, मग उन्हाळा. लोरेन्झने त्या वर्षीचे आलुबुखार खाल्ले, माझ्या केकमध्ये साखर कमी पडली म्हणून कुरकुर केली, आणि सप्टेंबरच्या अखेरीस गेला. डॉक्टर म्हणतात नव्या गोळ्यांनी गुण आला. असेलही. मी डॉक्टरांशी वाद घालत नाही. पण लोरेन्झला कोणी विचारलं की तो म्हणायचा, "मरायची सोय राहिली नव्हती."

वेंडेलने तेव्हापासून कानाला खडा लावला आहे. गावात कोणाचाही वाढदिवस असो, हा दुसऱ्या दिवशी शुभेच्छा देतो. एक दिवस उशिरा, खात्री करून घेऊन.

तर मंडळी, आवरतं घेते. सभागृह दिल्याबद्दल अग्निशमन दलाचे, केक करून आणणाऱ्या सर्व भगिनींचे, पाच मिनिटं कधीच उलटली तरी मला न थांबवणाऱ्या अध्यक्षांचे आणि हे सगळं दुसऱ्या भाषेत पोचवणाऱ्या मास्तरीणबाईंचे मी मंडळाच्या वतीने आभार मानते. लॉरेटाबाई, तुमचा भाऊ आम्ही तुम्हाला परत देतो आहोत, तो राजीखुशीने देतो आहोत असं समजू नका. माझ्या बोलण्यात काही अधिकउणं झालं असेल तर पोटात घाला. आणि आता जे करणार आहे, त्यालाही आगाऊ क्षमा असावी.

वेंडेल, लोरेन्झ गेल्यापासून मला पुढच्या दिवसाची फारशी ओढ राहिलेली नाही. लेक म्युनिकहून फोन करते, "आई, जेवलीस का?" मी म्हणते जेवले. बऱ्याचदा ते खोटं असतं. तू सकाळी दाराशी गाडी बंद करून विचारतोस तेव्हाच माझा दिवस सुरू होतो. शुक्रवारी कोणी विचारणार नाही. त्याचं मला भय वाटतं, हे मी सगळ्यांदेखत सांगते.

फेब्रुवारीत मला पंचाहत्तर पूर्ण होतात. तू तेव्हा आईजवळ असशील, आणि तिथेच असायला हवंस. म्हणून ऊठ, आणि मला पंचाहत्तरीच्या शुभेच्छा आत्ता दे. या सगळ्यांसमोर, मोठ्याने. वॉल्बुर्गा, हात खाली. पाद्रीसाहेब, तुम्ही हवं तर डोळे मिटून घ्या.

म्हणजे मला फेब्रुवारी गाठावाच लागेल. नाही गाठला, तर हे गाव तुझ्या नावाने खडे फोडत बसेल, आणि ते मी जिवंत असेपर्यंत होऊ देणार नाही.

घाबरू नकोस. व्याकरण चुकलं तरी चालेल. बोल.